जामीनदाराची सही : गहाणखताच्या इतिहासातून घ्यायचा धडा



गावोगाव एक अडचण नेहमी ऐकू येते. "मागं विहिरीला पाणी लागलं नाही, सोसायटीचं कर्ज थकलं. पुढं कसंबसं भरलं. आता पाइपलाइनसाठी जमीन तारण द्यायला तयार आहे, तरी बँक म्हणते जामीनदार आणा. मेहुणा तयार आहे. सही घ्यावी का?" आणि मेहुण्याच्या घरात दुसरा प्रश्न चाललेला असतो : "सही केली तर आपल्या जमिनीला धोका नाही ना?"

दोन्ही प्रश्न जुनेच आहेत. आपल्या आजा-पणजांनाही ते सुटले नव्हते. त्यांनी काय भोगलं आणि त्यातून कायदे कसे झाले, हे पाहिलं म्हणजे आज काय करावं ते उमजतं.

सुप्याचा बाजार

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनीही कर्ज उचललं. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्यातच जमिनीचा सारा वाढला. कर्जं थकली.

थकलेल्या कर्जाचं काय व्हायचं? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या रोख्याला ३ वर्षांची मुदत होती. म्हणून मुदत संपण्याआधी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा. मागचं व्याज मुद्दलात जायचं आणि त्यावर पुन्हा व्याज चढायचं. यालाच आपण नवं-जुनं करणं म्हणतो. मूळ रक्कम किती होती, हे अंगठा देणाऱ्याला काही वर्षांनी सांगताही येत नसे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक उठले. हे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. जिथं जिथं लोक सावकाराच्या दारात गेले, तिथं त्यांनी मागितले ते रोखे, खतं आणि हुकूमनामे. ते मिळाले की जाळले. माणसांना इजा त्या मानानं कमी झाली. राग होता तो कागदावर, कारण त्या कागदात काय लिहिलं आहे ते सही करणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

कायदा आला, पळवाटही आली

सरकारनं चौकशी केली. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या ४ जिल्ह्यांना लागू होता. न्यायाधीशानं नुसता रोखा न पाहता हिशेब मुळापासून तपासावा, हप्ते बांधून द्यावेत आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, असं त्यात होतं.

कायदा चांगला, पण पळवाट लवकरच निघाली. गहाणखत केलं तर कोर्ट हिशेब विचारतं, म्हणून सावकार खरेदीखतच करून घेऊ लागले. "पैसे फेडलेस की जमीन परत" हे नुसतं तोंडी. १९२९ च्या दुरुस्तीनं कायद्यात स्पष्ट झालं की जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल, तरच तो व्यवहार गहाण मानता येईल. वेगळ्या चिठ्ठीवरची किंवा तोंडी अट चालत नाही. हा नियम आजही आहे. बँकेनं नाही म्हटलं म्हणून खाजगी माणसाकडं जाणाऱ्यानं एवढं जरूर ध्यानात ठेवावं.

दुसऱ्याच्या शब्दावर कर्ज

१८८३ आणि १८८४ चे कायदे तगाईचे. बांधबंदिस्ती, विहीर, बी-बियाणं, बैल यांसाठी सरकार त्यांखाली कर्ज देई. जामीन दिलेला असेल, तर थकलेली रक्कम जामीनदाराकडूनही साऱ्याच्या बाकीसारखी वसूल करता येई.

१९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. ज्याच्याकडं तारण नाही, त्याला त्याच्या वागणुकीवर आणि गावाच्या भरवशावर कर्ज मिळावं, ही त्यामागची कल्पना. खेड्यातल्या सोसायटीत सभासदांची जबाबदारी साधारणपणे बिनमर्यादित असे. एकाचं बुडालं तर भार सगळ्यांवर. म्हणजे सगळं गावच एकमेकांना जामीन! असं असलं की कोण कशासाठी पैसे नेतो, याच्यावर शेजाऱ्याची नजर राहते.

पण सोसायटीचं कर्ज थोड्या मुदतीचं. सावकाराकडं अडकलेली जमीन त्यानं सुटत नसे. त्यासाठी भू-तारण बँका निघाल्या. मुंबई प्रांताची मध्यवर्ती भू-तारण बँक १९३५ मध्ये स्थापन झाली. या बँका सुरुवातीला मुख्यतः जुनं कर्ज फेडण्यासाठीच जमिनीच्या तारणावर लांब मुदतीचं कर्ज देत. म्हणजे मागं थकलेल्या माणसाला पुन्हा उभं करण्यासाठीच त्या होत्या. तरीही १९५१-५२ च्या ग्रामीण पत पाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जउचलीत सहकाराचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला. सावकारांचा मिळून सुमारे ७० टक्के! पुढं आपल्या राज्यातल्या भू-विकास बँकाही थकबाकीच्या ओझ्याखाली अवसायनात गेल्या.

आजची गोष्ट

पूर्वी मागची थकबाकी सावकाराच्या वहीत असे. आता ती पतमाहिती कंपनीच्या नोंदीत असते. त्यासाठी २००५ चा कायदा आहे. एकरकमी तडजोड करून कर्ज मिटवलं, तरी नोंदीत ते पूर्ण फेडलेलं दिसत नाही, तडजोडीनं मिटवलेलं दिसतं. म्हणून बँक जामीनदार मागते.

आता मेहुण्याच्या प्रश्नाचं उत्तर. ते १८७२ च्या करार कायद्यात आहे. हा कायदा सुप्याच्या दंग्याच्या ३ वर्षं आधीचा, आणि आजही चालू आहे. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. "आधी त्याची जमीन विका, मग माझ्याकडं या" असं त्याला म्हणता येत नाही. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठरवलं. सहकारी संस्थेचं कर्ज असेल, तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि त्यात जामीनदाराचंही नाव येऊ शकतं. तेव्हा "सही नुसती नावापुरती" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

जामीनदाराला हक्कही आहेत. त्यानं पैसे भरले, तर ते कर्जदाराकडून वसूल करण्याचा आणि बँकेकडचं तारण आपल्याकडं घेण्याचा हक्क त्याला मिळतो. त्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारातून तो सुटतो. मात्र छापील फॉर्मात "हा हक्क मी सोडला" असं कलम बऱ्याचदा असतं. ते वाचूनच सही करा.

कर्जदारानं काय करावं

१. आधी जुनं खातं मिटवा. बेबाकीचा दाखला घ्या आणि सात-बाराच्या इतर हक्कातला बोजा उतरवून घ्या.
२. पतमाहितीचा अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो मागवा. चूक असेल तर लेखी तक्रार करा.
३. मागं का थकलं, ते जामीनदारापासून लपवू नका. नव्या कामातून हप्ता कसा निघणार, हे कागदावर मांडून त्याला दाखवा.
४. हप्ता चुकणार असं दिसलं, तर बँकेच्या आधी जामीनदाराला सांगा.

जामीनदारानं काय करावं

१. जामीनकी किती रुपयांची, किती मुदतीची, हे लिहून घ्या. रकमेची मर्यादा घालता येते का, ते विचारा.
२. कोऱ्या कागदावर सही करू नका. सगळ्या कागदांची प्रत घरी ठेवा.
३. ही जामीनकी तुमच्याही पतनोंदीत दिसते. उद्या तुम्हाला कर्ज लागणार असेल, तर त्याचा विचार करा.
४. घरात बायको-मुलांना सांगा. जामीनदार गेला, तरी आधी झालेल्या कर्जाचा भार त्याच्या मागं राहिलेल्या मिळकतीवर राहतो.

खाजगी माणसानं कर्जापोटी खरेदीखत करून घेतलं असेल, तर गप्प बसू नका. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हा निबंधकाकडं अर्ज करता येतो. चौकशीत बेकायदा सावकारी ठरली, तर जमीन परत देण्याचा हुकूम होऊ शकतो.

मेहुणा सही करायला तयार आहे, हे चांगलंच आहे. मागं एकदा थकलेल्या माणसाला असा कोणी पाठीशी लागतोच. पण सही करण्याआधी दोघांनी एका घोंगडीवर बसावं, कागद मोठ्यानं वाचावा आणि न कळलेला शब्द बँकेत जाऊन विचारावा. सुप्याच्या बाजारात जळाले ते न वाचलेले कागद होते.