अकरा किलोची पेटी

‘लॅप’ म्हणजे मांडी. मांडीवर बसतो तो लॅपटॉप. नाव मोठे लडिवाळ आहे, जणू आजीच्या मांडीवरचे नातवंडच! आज घरोघरी हे यंत्र पाटपाण्याइतके रुळले आहे. धाकटे चिरंजीव त्यावर गृहपाठ करतात, सूनबाई कचेरीचे काम उरकतात, आणि आजोबा परदेशातल्या लेकीचे तोंड पाहतात. परंतु वाचकहो, या घराण्याचा जो पहिला खपाऊ पूर्वज होऊन गेला, त्याला जर कोणी मांडीवर घेतले असते, तर बिचाऱ्याची मांडी शाबूत राहिली नसती. त्या पूर्वजाचे वजन होते सुमारे अकरा किलो. त्याची आणि त्याच्या जन्मदात्याची कथा ऐकण्याजोगी आहे. कारण हा जन्मदाता आपल्याच देशाच्या मातीत खेळून मोठा झालेला होता.

कल्पना म्हणाल तर ती याहून जुनी. १९६८ साली अमेरिकेत अ‍ॅलन के नावाच्या एका तरुण शास्त्रज्ञाच्या मनात आले की, संगणक हा मुलांना वहीसारखा बगलेत मारून नेता आला पाहिजे. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर कपाटे! के यांनी पुठ्ठ्याचा एक नमुना केला आणि तो हातात किती जड लागेल हे अजमावण्यासाठी त्यात शिशाच्या गोळ्या ओतल्या. ‘डायनाबुक’ असे त्याचे नाव. १९७२ साली त्यांनी त्यावर निबंधही लिहिला, आणि तो लिहिला मुलांसाठीच्या संगणकाविषयी, व्यापाऱ्यांसाठीच्या नव्हे. शाळामास्तराला ही गोष्ट विशेष सुखावते. पण पुठ्ठा तो पुठ्ठाच. त्यात प्राण ओतण्याइतकी विद्या तेव्हा झालेली नव्हती. पुढे १९७५ साली आयबीएम कंपनीने ‘५१००’ हे यंत्र काढले आणि त्याला ‘सुवाह्य’ म्हटले. वजन सुमारे २५ किलो, किंमत जवळजवळ नऊ हजार डॉलरांपासून पुढे. हमाल सोबत असेल तर कोणतीही वस्तू सुवाह्यच म्हणायची!

आता आपल्या नायकाकडे वळू. अ‍ॅडम ऑस्बॉर्न याचा जन्म १९३९ साली बँकॉकला झाला. वडील आर्थर ऑस्बॉर्न इंग्रज, आई पोलंडची. पतिपत्नींना अध्यात्माची ओढ. त्या ओढीने हे कुटुंब रमण महर्षींच्या तिरुवण्णामलैला आले. वडील नोकरीसाठी बँकॉकला परतले आणि इतक्यात महायुद्धाचा वणवा पूर्वेकडे पसरला. जपान्यांनी त्यांना स्थानबद्ध केले. आई आणि मुले अरुणाचलाच्या पायथ्याशी राहून त्यांची वाट पाहत राहिली. युद्ध संपल्यावर वडील परत आले. पुढे १९६४ साली आश्रमाचे ‘द माउंटन पाथ’ हे नियतकालिक त्यांनीच सुरू केले. अ‍ॅडम कोडाईकनालच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकला आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास इंग्लंडला गेला. बापाला मोक्षाची ओढ आणि लेकाला बाजाराची, हे आपल्याकडे काही नवीन नाही.

बर्मिंगहॅमला पदवी, अमेरिकेत डॉक्टरेट, मग तेलकंपनीत नोकरी. साहेबी नोकरीत त्याचे मन रमेना. त्याने सूक्ष्मसंगणकांवर सोपी पुस्तके लिहिली, स्वतःच छापली, स्वतःच विकली. ती इतकी खपली की १९७९ साली मॅग्रॉ-हिलसारख्या बड्या प्रकाशकाने त्याची प्रकाशनसंस्था विकत घेतली. शिवाय तो मासिकांतून सदर लिही आणि संगणक-कारखानदारांना सडकून काढी. टीकाकाराने स्वतः कादंबरी लिहून दाखवावी असे आम्ही लेखक नेहमी म्हणतो; या गृहस्थाने ते आव्हान खरोखरीच उचलले.

ली फेल्सेनस्टाइन या कुशल अभियंत्याकडून त्याने यंत्राचा आराखडा करून घेतला. अट एकच : विमानात आसनाखाली मावले पाहिजे. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संगणक-जत्रेत ‘ऑस्बॉर्न १’ लोकांपुढे आला. दिसायला थेट शिलाई मशीनच्या पेटीसारखा! झाकण उघडावे तो झाकणातच टंकफलक. आत मधोमध पाच इंची पडदा, पोस्टकार्डापेक्षाही लहान. दोन्ही बाजूंना चकत्या घालण्याच्या फटी. पडद्यावर एका ओळीत ५२ अक्षरे मावत, आणि टंकलिखित कागदाची ओळ तर ८० अक्षरांची. तेव्हा कळ दाबून मजकूर डावीउजवीकडे सरकवीत वाचावा लागे. लहानशा खिडकीतून वरात पाहावी तसा. पेटीत बॅटरी नव्हती. भिंतीतली वीज मिळाली तरच देव प्रसन्न.

मग असे हे ध्यान लोकांनी उचलले का? तर किमतीमुळे. १,७९५ डॉलरांत यंत्र, आणि त्यासोबत पत्रे लिहिण्याचा ‘वर्डस्टार’, हिशेबाचा ‘सुपरकॅल्क’ असे कार्यक्रम फुकट. हे कार्यक्रमच सुटे घ्यायला गेले तर सुमारे दीड हजार डॉलर पडत! पुरेसे असले की पुरे, त्यापलीकडचे सारे फाजील, असे ऑस्बॉर्नचे तत्त्वज्ञान होते. आश्रमात वाढलेल्या पोराच्या तोंडी ते मला नवलाचे वाटत नाही. भरभराटीच्या दिवसांत महिन्याला दहा हजार यंत्रे खपू लागली.

याच सुमारास दुसऱ्या आळीत निराळेच नाटक रंगले होते. १९८२ साली ग्रिड कंपनीने ‘कंपास’ नावाचा संगणक काढला. बिल मॉग्रिज या इंग्रज आरेखकाने पडदा आणि टंकफलक बिजागरीने जोडून शिंपल्यासारखे मिटते यंत्र केले. आपला आजचा लॅपटॉप मिटतो तो या बिजागरीच्याच वंशाचा. वजन सुमारे पाच किलो, किंमत मात्र ८,१५० डॉलर. म्हणजे चार ऑस्बॉर्न घेऊन वर पैसे उरावेत! गिऱ्हाईक सरकार आणि सैन्य. १९८३ साली तो अंतराळयानातूनही गेला. तेव्हा त्यात मुद्दाम पंखा बसवावा लागला, कारण जिथे वजनच नाही तिथे तापलेली हवा आपण होऊन वर जात नाही. सातवीच्या विज्ञानाच्या तासाला हे उदाहरण फार उपयोगी पडते. जपानच्या एपसनने तर दीड-पावणेदोन किलोचा, बॅटरीवर चालणारा ‘एचएक्स-२०’ बाजारात आणला. पण त्याच्या पडद्यावर ओळी अवघ्या चार.

ऑस्बॉर्नचा पडता काळ आला तो १९८३ साली. त्याची कथा व्यापारशास्त्राच्या वर्गात अजून सांगतात : मोठ्या पडद्याचे नवे ‘एक्झिक्युटिव्ह’ यंत्र येणार अशी दवंडी त्याने वेळेआधी पिटली, गिऱ्हाइकांनी जुने घेणे थांबवले, माल पडून राहिला आणि कंपनी बुडाली. अशा घोडचुकीला ‘ऑस्बॉर्न इफेक्ट’ असे नावच पडले आहे. मला ही गोष्ट जरा जास्तच गोळीबंद वाटते. केवळ जिभेने कारखाना बुडत नाही. १९८२ साली कायप्रो कंपनीने नऊ इंची पडद्याचे, पुरी ८० अक्षरे दाखवणारे यंत्र १,५९५ डॉलरांत विकायला काढले होते. आणि त्याच वर्षाअखेर कॉम्पॅकने आयबीएमचे कार्यक्रम जसेच्या तसे चालवणारी पेटी जाहीर केली होती. पहिल्या वर्षात तिचे ५३,००० नग गेले. बाजाराचा वारा आयबीएमच्या दिशेने फिरला होता आणि ऑस्बॉर्नचे शीड दुसरीकडे तोंड करून उभे होते. ते शीड वळवायला हाताशी खेळते भांडवल लागते. तेच आटले होते. १३ सप्टेंबर १९८३ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पहिली पेटी लोकांनी पाहिल्याला तेव्हा अडीच वर्षेही झाली नव्हती.

गडी खचला नाही. १९८४ साली त्याने या उदयास्तावर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी स्वस्त कार्यक्रम पुस्तकांसारखे विकणारी नवी कंपनी थाटली. तिच्यावर लोटस कंपनीने नक्कल केल्याची फिर्याद लावली, आणि १९९० साली निकाल विरुद्ध गेला.

त्यानंतर मेंदूच्या आजाराने त्याला हळूहळू ग्रासले. १९९२ च्या सुमारास तो भारतात परतला. एव्हाना दोन-तीन किलोचे, बॅटरीवर चालणारे, शिंपल्यासारखे मिटणारे संगणक विमानतळांवर सर्रास दिसू लागले होते. १८ मार्च २००३ रोजी, चौसष्टाव्या वर्षी, कोडाईकनालला झोपेतच त्याचे देहावसान झाले. तो लहानपणी शाळेत गेला ते हेच गाव.