शर्करेचे आपट्याचे पान

शरद ऋतू म्हटला की पाश्चात्त्य पाकगृहांना झडणारी पाने आठवतात. मेपल वा ओक वृक्षाच्या पानांचे आकार साखरेच्या किंवा बदामाच्या लगद्यातून कापावयाचे, त्यांवर शिरा उमटवावयाच्या आणि ती पाने केकवर मांडावयाची, असा तिकडचा प्रघात आहे. आपल्याकडे पानगळ शिशिरातली. तथापि शरदातील एका पानाला आपणही सुवर्णाचे मोल दिले आहे. ते पान आपट्याचे.

गोदावरीतीरीच्या बासर क्षेत्री या पानाची कथा विशेष अर्थपूर्ण ठरते. बासर आज तेलंगणातील निर्मल जिल्ह्यात आहे. २०१६ पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी ज्या मुधोळ तालुक्यात ते मोडे, तो तालुका नांदेड जिल्ह्याचा भाग होता. सीमा सरकल्या, परंतु ज्ञानसरस्वतीच्या दर्शनास व मुलांच्या अक्षराभ्यासास येणारी मराठी कुटुंबे थांबली नाहीत. शारदीय नवरात्रानंतर विजयादशमीस या सीमाभागात तेलुगुभाषक 'जम्मी'ची, म्हणजे शमीची, पाने परस्परांस देतात आणि मराठी माणसे आपट्याची.

या सोन्याचे मूळ विद्येच्याच कथेत आहे. 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात वरतंतूचा शिष्य कौत्स चौदा विद्यांची दक्षिणा म्हणून चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागण्यास रघुराजाकडे येतो. सर्वस्व दान केलेला रघु कुबेरावर स्वारी करण्यास सिद्ध होतो, आणि त्या रात्री कुबेर राजाच्या कोशागारात सुवर्णवृष्टी करतो. कालिदासाच्या या कथेत आपट्याचे झाड नाही. ते लोकांनी मागाहून लावले. राजकोशातील धन त्यामुळे रानातील पानात उतरले आणि दरिद्री माणसासही सोने वाटता येऊ लागले.

हेच पान साखरेत उतरविणे आपल्या परंपरेस परके नाही. साखरेचे नावच मुळी 'शर्करा' या शब्दातून इराण व अरबस्तानमार्गे युरोपात गेले. तेथील राजदरबारी मेजवान्यांत साखरेचे पुतळे मांडले जात. आपल्या गृहिणींनी मात्र तीच कला शेगडीपाशी जोपासली. मंद आचेवर खसखशीच्या वा तिळाच्या दाण्यांवर थेंबथेंब पाक सोडून हलव्याला काटा आणावयाचा आणि त्याचे दागिने गुंफून संक्रांतीस नववधूस व बाळास सजवावयाचे, या कामात चिकाटी आणि हातोटी दोन्ही लागतात. ती करणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र इतिहासाने नोंदविली नाहीत. गोमंतकात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला; पुढे नाताळच्या मिठाईत बदामाची जागा काजूने घेतली आणि त्या लगद्याची फुले-पाने साच्यांतून निघू लागली. कोकण-गोव्यातील पातोळ्यांवर तर हळदीच्या पानाच्या शिरा वाफेतच आपोआप उमटतात.

तेव्हा आपट्याचे पान करण्यास परदेशी सामग्री नको. काजूची बारीक पूड साखरेच्या पाकात घालून गोळा होईपर्यंत आटवावी. निवल्यावर मळून त्यात किंचित हळद वा केशर घालावे. पोळपाटावर पातळ लाटून टोकाशी दुभंगलेला, जोडपानासारखा आकार कापावा. देठापासून पंख्याप्रमाणे पसरणाऱ्या सात ते नऊ शिरा सुरीच्या बोथट पाठीने ओढाव्या आणि पान लाटण्यावर वाकवून वाळू द्यावे. वाळले की त्याला खऱ्या पानाची कमान येते.

हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. दसऱ्यास आपट्याच्या फांद्या निर्दयपणे ओरबाडल्या जातात. आपटा न मिळाल्यास त्याच्याच कुळातील कांचनाची मोठी पाने सोने म्हणून विकली जातात, आणि दुसऱ्या दिवशी तो ढीग रस्त्यावर तुडविला जातो. साखरेचे पान खाल्ले जाते आणि झाडावरचे पान झाडावर राहते. कालिदासाच्या कथेचा शेवटही येथे ध्यानी घ्यावा: रघु सारी सुवर्णराशी देऊ पाहत होता, परंतु कौत्साने गुरुदक्षिणेपुरतेच घेतले, अधिक एक मुद्राही नाही. विजयादशमीस वृक्षापुढे हात पसरताना आपणही त्याच शिष्याचे अनुकरण करावे.