बाह्यरुग्ण, परिचारिका आणि कायदा : प्रस्तावना

उच्च रक्तदाबाचा रुग्ण सहसा दवाखान्यात राहत नाही. महिन्याकाठी ओपीडीत येतो, केसपेपर काढतो, बीपी तपासून घेतो आणि गोळ्या घेऊन घरी जातो. तेवढ्या वेळात त्याच्याशी दोन शब्द निवांत बोलते ती बहुधा सिस्टर. तिच्या या कामाकडे अभ्यासविषय म्हणून पाहावे, त्याला कायद्याचीही बाजू आहे, असे आम्हांला मनापासून वाटते.

वाचकांनी आरंभ कलमांपासून करू नये. दंडाला बांधायच्या पट्ट्यापासून करावा. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसू द्यायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली का, हे विचारायचे. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा उगाच वाढतो आणि नको असलेली गोळी सुरू होऊ शकते. निष्काळजीपणा ठरवताना न्यायालय विचारते, की त्या व्यवसायातल्या सर्वसाधारण कुशल व्यक्तीने काय केले असते? त्याचे उत्तर या साध्या पायऱ्यांतच आहे.

मग नोंदीकडे वळा. ‘बीपी ठीक’ ही नोंद नव्हे. ‘सकाळी 10.20, बसून, उजवा दंड, 168/98. चार दिवस गोळी घेतलेली नाही. डॉक्टरांना कळवले’ ही नोंद. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांवर कागदपत्रे तीन वर्षे जपण्याचे बंधन घातले, तेही आंतररुग्णांपुरते. ओपीडीचा कागद मात्र रुग्णाच्या पिशवीतून घरी जातो. 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. त्यात रुग्णाचे कार्ड आरोग्य केंद्रातही ठेवले जाते आणि न आलेल्याचा पाठपुरावा होतो. हे कार्ड बहुतेकदा परिचारिकाच सांभाळतात, याचा अभिमान वाटावा.

निकालांपैकी दोन आधी वाचा. व्ही. पी. शांता खटल्याने (1995) मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. सर्वांनाच मोफत सेवा देणारी रुग्णालये बाहेर राहिली. जेकब मॅथ्यू खटल्याने (2005) फौजदारी जबाबदारीसाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, 1966 आणि 2023 चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा त्यानंतर शेजारी ठेवून वाचावेत. तोवर ‘गोळीचा डोस बदलायचा तो कोणी?’ हा ओपीडीतला रोजचा प्रश्न तुम्हीच या कायद्यांना विचारू लागाल.