नदीच्या वरच्या अंगाला राहिलेली राजधानी

लग्नानंतर पाच-सहा दिवसांसाठी थायलंडला जाणाऱ्या मराठी जोडप्यांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. बँकॉकला दोन रात्री, मग विमानाने फुकेत किंवा क्राबी, शेवटी थोडी खरेदी आणि परतीचं विमान. बँकॉकच्या त्या दोन दिवसांत अयुथयेची सहल ‘वेळ उरला तर’ या सदरात पडते. सकाळी बस, तीन पडकी देवळं, झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक, जेवण, आणि ऊन उतरायच्या आत परत. इतिहासाची आवड असलेले लोक अशा सहलीवर रागावतात. चार शतकांची राजधानी चार तासांत उरकणं म्हणजे त्या शहराचा अपमान, असं त्यांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. अयुथया आणि बँकॉक ही दोन शहरं मानली तर एक दिवस अपुराच आहे. पण इतिहास असं सांगतो की राजधानी एकच होती आणि ती नदीच्या वरच्या अंगाकडून खाली उतरली. हे ध्यानात ठेवून दिवस आखला तर एक दिवस पुरतो, इतकंच नव्हे तर बँकॉकही तेव्हाच कळतं.

अयुथया 1351 मध्ये वसली आणि 1767 मध्ये संपली. चाओ फ्राया, पा साक आणि लोपबुरी या तीन नद्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे मधली जमीन कालव्याने तोडून तिचं बेट केलं गेलं. भोवती भाताचं सपाट खोरं, पावसाळ्यात चहूकडे पाणी, आणि समुद्रातून नदीमार्गे वर येणारी गलबतं थेट तटापाशी. राज्य शेतीवर पोसलं, पण श्रीमंत झालं ते व्यापारावर. हरणाची कातडी आणि पतंगाचं लाकूड जपानकडे जाई. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, लोकांच्या आवडीचं नक्षीकाम असलेलं कापड मुद्दाम रंगवून इकडे येई, गुजरातचं कापडही येई. बंगालच्या उपसागरावरच्या मेरगुई आणि तेनासेरिमला माल उतरवून डोंगर ओलांडून तो अयुथयेत आणायची वाट होती, म्हणजे मलाक्क्याच्या सामुद्रधुनीला वळसा घालायची गरज नसे. या शहरात रस्त्यांपेक्षा कालवे महत्त्वाचे होते. आज बसमधून उतरून विटांच्या ढिगांमधून चालणाऱ्या पाहुण्याला हे कुणी सांगितलं नाही, तर त्याला ते दिसण्याची शक्यता जवळपास नाही.

मग हे शहर पडकं का झालं? मार्गदर्शकांचं उत्तर एका वाक्याचं असतं: ब्रह्मी सैन्याने जाळलं. ते खोटं नाही. वर्षभराहून अधिक वेढा चालला, एप्रिल 1767 मध्ये तट फुटला, आग लागली आणि हजारो माणसं कैद करून नेली गेली. पण एवढ्यावर थांबणं मला पटत नाही, आणि त्याचा पुरावा खुद्द अयुथयेच्याच इतिहासात आहे. 1569 मध्येही ब्रह्मी राजाने हे शहर जिंकलं होतं. त्यानंतर अयुथयेचा राजपुत्र नरेसुआन याने स्वातंत्र्य परत मिळवलं, आणि पुढचं सबंध सतरावं शतक अयुथयेच्या भरभराटीचं ठरलं. शहर पडलं म्हणून ते कायमचं पडकं राहतंच असं नाही. राजधानी तिथे परत येत नाही, तेव्हा ते पडकं राहतं. 1767 नंतर नवा राजा ताक्सिन याने कारभार खाली थोनबुरीला नेला. समुद्र जवळ, चिनी व्यापार हाताशी, आणि मूठभर सैन्यानिशी राखता येईल एवढी जागा. 1782 मध्ये त्याच्यानंतरचा राजा पहिला राम याने नदी ओलांडून समोरच्या काठावर बँकॉक वसवलं. अयुथयेचं भवितव्य तेव्हा ठरलं.

बँकॉक उभारताना आदर्श एकच होता. नव्या शहराभोवती कालवा खणून त्याचं बेट केलं, जसं वर होतं तसं. राजवाड्याच्या आवारात भिक्षूंचा निवास नसलेलं राजमंदिर बांधलं, कारण अयुथयेच्या राजवाड्यात वाट फ्रा सी सानफेत (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) हे तसंच होतं. आणि या सगळ्याला विटा लागल्या, त्या अयुथयेच्या तटांच्या. होड्या भरभरून विटा नदीतून खाली गेल्या आणि बँकॉकच्या तटबंदीत बसल्या. मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. मांडवीच्या काठचं जुनं गोवें रोगराईने ओस पडलं, राजधानी नदीच्या मुखाकडे पणजीला गेली आणि जुन्या शहरातल्या कित्येक इमारतींचा दगड नव्या शहराच्या बांधकामांना लागला. जुन्या गोव्याची भव्य रिकामी जागा पाहताना पणजी आठवावी लागते. अयुथयेतही तसंच आहे. समोर जे दिसत नाही, त्यातलं बरंचसं सत्तर-ऐंशी किलोमीटरवर दुसऱ्या रूपात उभं आहे.

यावर आक्षेप येईल की विटांच्या हिशेबात ब्रह्मी आक्रमणाचं क्रौर्य झाकलं जातं. मला ते झाकायचं नाही. पण आज दिसणाऱ्या प्रत्येक तुटक्या मूर्तीचा दोष एकाच हल्ल्यावर टाकला, तर नंतरची दोनशे वर्षं गायब होतात. या काळात गुप्तधनाच्या लोभाने लोकांनी स्तूप पोखरले. वाट महाथाटचं मुख्य शिखर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपोआप कोसळलं. वाट राचाबुरानाची गोष्ट तर मुद्दाम थांबून ऐकावी अशी आहे. सिंहासनासाठी दोन राजपुत्र हत्तींवरून एकमेकांशी लढले आणि दोघेही मेले. राज्य मिळालं तिसऱ्या भावाला, आणि त्याने 1424 मध्ये भावांच्या दहनाच्या जागी हे मंदिर बांधून शिखराच्या पोटात सोनं पुरलं. ते सोनं ब्रह्मी सैन्याच्या हाती लागलं नाही. 1957 मध्ये चोरांनी भुयार खणून ते गाठलं. उरलेला ठेवा मग पुरातत्त्व खात्याने बाहेर काढला आणि तो ठेवण्यासाठी त्याच राजाच्या नावाचं, चाओ साम फ्राया, संग्रहालय 1961 मध्ये उघडलं. त्या शिखरात आजही अरुंद, खड्या पायऱ्यांनी खाली उतरून भिंतींवरची फिकी चित्रं पाहता येतात. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. फ्रा मोंगखोन बोफित या प्रचंड बुद्धमूर्तीवर छप्पर नव्हतं. 1950 च्या दशकात तिथलं सभागृह पुन्हा बांधलं गेलं, तेव्हा ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनी त्यासाठी देणगी दिली. वैराची गोष्ट सांगणाऱ्याने हेही सांगायला हवं.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याची सोयही इतिहासानेच केली आहे. सयामचा पहिला सरकारी रेल्वेमार्ग बँकॉकहून अयुथयेला आला. राजा चुलालोंगकोर्न याने 1897 मध्ये तो सुरू केला. लांबी 71 किलोमीटर. याच राजाने 1907 मध्ये जुन्या राजवाड्याच्या अवशेषांत समारंभ करून देशाच्या भूतकाळाचा अभ्यास करणारी मंडळी स्थापन केली. विटांची खाण झालेली जागा आता पूर्वजांची जागा ठरली. म्हणजे जपणूक आणि प्रवास या दोन्ही गोष्टी एकाच पिढीत आल्या. स्टेशन बेटावर नाही, पा साकच्या पूर्वेच्या काठावर आहे. गाडीतून उतरलं की सरळ गल्लीतून धक्क्यावर जायचं, थोडे बात देऊन लहानशा होडीत बसायचं आणि पलीकडे उतरायचं. पाण्यावरचा हा प्रवास मोजून काही मिनिटांचा, पण आपण बेटावर चाललो आहोत हे बसच्या पुलावरून कधीच कळत नाही, ते इथे कळतं. म्हणून माझा आग्रह रेल्वेचा आहे. साध्या गाडीला दीड-दोन तास लागतात आणि तिकीट अगदी स्वस्त आहे.

दुपार मात्र बेटाबाहेर घालवावी. परदेशी व्यापाऱ्यांच्या वस्त्या तटाबाहेर, दक्षिणेच्या अंगाला नदीकाठी होत्या. एका काठावर पोर्तुगीज. समोरच्या काठावर जपानी आणि डच. मलाक्का जिंकता जिंकता आफोन्सो दि आल्बुकर्कने 1511 मध्ये इथे दूत पाठवला, तेव्हापासून पोर्तुगीजांचा राबता सुरू झाला. त्यांच्या वस्तीतल्या चर्चच्या पायात उत्खननात सापडलेले सांगाडे जागीच जपून ठेवले आहेत. याच संबंधांतून 1684 मध्ये राजा नाराईने पोर्तुगालच्या राजाकडे वकील धाडले. ते आधी गोव्याला आले आणि पुढच्या जहाजाची वाट पाहत जवळजवळ वर्षभर तिथे राहिले. 1686 मध्ये त्यांचं जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी फुटलं. आपल्या किनाऱ्यावर वर्ष काढलेली अयुथयेची माणसं पडक्या देवळांच्या सहलीत कुठेच भेटत नाहीत. पर्शियन व्यापारी शेख अहमद अयुथयेला आला, मोठ्या हुद्द्यावर चढला, आणि त्याचं घराणं पुढे बँकॉकच्या दरबारातही बलाढ्य राहिलं. शहराची खरी ताकद या सरमिसळीत होती, आणि तीसुद्धा नदीबरोबर खाली गेली.

मधुचंद्रात एवढा इतिहास कुणाला हवा, हा आक्षेप मी हलका मानत नाही. नव्या जोडप्याला एकमेकांसाठी वेळ हवा असतो आणि तो रास्त आहे. पण तरुण थाई जोडपी स्वतःच इथे हौसेने येतात. नाराईच्या काळातली एक प्रेमकथा 2018 मध्ये दूरचित्रवाणीवर अफाट गाजली. तेव्हापासून 1630 मध्ये नदीच्या पश्चिम काठावर बांधलेल्या वाट चाइवत्थनाराममध्ये जुन्या धाटणीचा पोशाख भाड्याने घेऊन फिरणारी माणसं रोज दिसतात. त्यांच्याबरोबर आपणही फोटो काढावेत, त्यात काही वावगं नाही. वाट महाथाटमधल्या मुळांतल्या मस्तकापाशी मात्र गुडघ्यांवर बसूनच फोटो काढायचा असतो, कारण आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा वर जाता कामा नये. खाण्याचीही हौस इथे भागते. उथोंग रस्त्याच्या कडेला मुसलमान कुटुंबं रोती साय माय विकतात. पातळ हिरवट पोळीत साखरेचे तंतू गुंडाळायचे, आपल्या जत्रेतल्या म्हातारीच्या कापसासारखे, आणि दोघांनी मिळून खायचे.

मी विरोध करेन तो एकाच दिवसात बांग पा-इनचा राजवाडा, लोपबुरी आणि तरंगता बाजार कोंबायला. असा दिवस गाडीतच संपतो. रात्र तिथे काढा असं सांगणाऱ्यांचं म्हणणं चांगलं आहे, पण पाच दिवसांच्या कार्यक्रमात ते प्रत्येकाला जमणार नाही, आणि न जमल्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. त्यापेक्षा क्रम सांभाळावा: आधी अयुथया, दुसऱ्या दिवशी बँकॉकची देवळं. वाट फ्रा सी सानफेतमध्ये सोन्याने मढवलेली सोळा मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती होती. सोन्यासाठी ती जाळली गेली. आज तिथे तीन स्तूप आहेत, मूर्तीची जागा रिकामी आहे. पहिल्या रामाने तिचे अवशेष बँकॉकला आणवले आणि वाट फोमध्ये हिरव्या फरशांनी मढवलेला स्तूप बांधून त्याच्या पोटात ठेवले. निजलेल्या बुद्धासाठी रांगेत उभे राहणारे बहुतेक लोक त्या स्तूपाजवळून न थांबता जातात. आदल्या दिवशी रिकामी जागा पाहिलेली असेल, तर थांबावंसं वाटेल.