आधी तू मार, मग मी

पोकेमॉनच्या जुन्या खेळांत सेटिंग्जमध्ये एक ओळ असते. बहुतेक पोरं तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. लढाईची पद्धत: 'शिफ्ट' की 'सेट'? समोरच्याचा एक प्राणी लोळवला की 'शिफ्ट'मध्ये खेळ आपल्या कानात सांगतो, आता पुढे अमुक येतोय, तुला तुझा गडी बदलायचाय का? 'सेट'मध्ये हे लाड नाहीत. मैदानात जो उभा आहे तो उभा आहे, बदलायचा असेल तर आपली एक चाल खर्ची घाला. १९९६ च्या पहिल्या खेळापासून ही निवड होती. २०२२ साली आलेल्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मधून 'सेट' गायब झाला, तेव्हा जाणत्या खेळाडूंनी जगभर बोंब ठोकली. दोन माणसं एकमेकांशी खेळतात तेव्हा असा कानमंत्र कुणालाच मिळत नाही, मग यंत्राशी खेळतानाच आम्हाला शेंबडी पोरं का समजता, असा त्यांचा सवाल होता. मला तो रास्त वाटतो.

पण शिफ्ट काय नि सेट काय, दोन्ही एकाच घरातली भावंडं. दोन्हींत लढाई पाळीपाळीने चालते. मी माझा डाव निवडतो, यंत्र त्याचा निवडतं, मग दोघांचे वार होतात, आणि माझं बोट पुन्हा हलेपर्यंत सगळं जग थांबून राहतं. कितीही वेळ. राक्षस समोर जबडा पसरून उभा आहे आणि आपण चहा पिऊन येतोय, हे फक्त याच जातीच्या लढाईत शक्य आहे. फ्री फायर किंवा बीजीएमआयसारख्या बंदुकीच्या खेळात चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत तुमचा निकाल लागलेला असतो.

बारामती तालुक्यातल्या आमच्या माळेगाव बुद्रुकसारख्या गावात हा फरक चैनीचा नाही. इथे नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की शेजपाळीने पाणी फिरतं. आपला नंबर रात्री दोनला असेल तर रात्री दोनला दारं धरायला जायचं. शेतीची थ्री फेज लाइट आठवडा पाळून येते-जाते. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ऊस भरलेले ट्रॅक्टर रांगेत उभे राहतात आणि रांग हलली की हातातलं सगळं टाकून गिअर टाकावा लागतो. अशा तुकड्यातुकड्यांच्या वेळात मोबाइलवर खेळायचं, तर कधीही खिशात टाकता येईल अशी लढाई लागते. जवळच्या शिवनगरच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या पोरांना सलग रात्र मिळते, म्हणून ती बंदुकीच्या खेळात रमतात, असा माझा एक कच्चा सिद्धांत आहे. त्याला अपवादही पुष्कळ भेटतात.

ही थांबणारी लढाई आली कुठून? कूळ शोधत मागे गेलं की पहिला थांबा जपानचा. 'पोकेमॉन रेड' आणि 'ग्रीन' २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निघाले. कर्ते सातोशी ताजिरी. लहानपणी टोकियोच्या कडेला ओढ्याकाठी किडे गोळा करणारा हा मुलगा पुढे 'गेम फ्रीक' नावाचं, व्हिडिओ गेमविषयीचं हाताने लिहिलेलं नियतकालिक काढू लागला आणि त्याच नावाने त्याने कंपनी थाटली. हातात मावणारी दोन 'गेम बॉय' यंत्रं वायरने जोडता येतात हे पाहून त्याच्या मनात आलं, की या वायरवरून किडा चालत पलीकडच्या डब्यात गेला तर? त्या कल्पनेचा खेळ व्हायला सहा वर्षं लागली. त्याला दुसरंही एक निमित्त सांगतात. 'ड्रॅगन क्वेस्ट २' खेळताना चित्रकार मित्र केन सुगिमोरी यांना एक दुर्मीळ टोपी दोनदा सापडली आणि ताजिरींना एकदाही नाही. दुसरी टोपी मित्राला देण्याची सोय खेळात नव्हती.

म्हणजे गोळा करणं किड्यांकडून आलं आणि देवाणघेवाण वायरीकडून. लढाई मात्र उसनी होती. गेम बॉयचा मेंदू ४ मेगाहर्ट्झच्या थोडा वर, कामाची स्मृती ८ किलोबाइट, पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि राखाडीच्या चार छटा. दीडशेवर प्राणी त्यात धावत-उड्या मारत लढवणं अशक्यच होतं. दोन चित्रं समोरासमोर उभी करून खाली चार शब्दांची पाटी लावणं परवडणारं होतं. ही पाटी ताजिरींनी घेतली ती युजी होरी यांच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या घराण्यातून. तो खेळ १९८६ च्या मे महिन्यातला. होरींपुढे अडचण वेगळीच होती. त्यांना अमेरिकेत पाहिलेला 'विझर्ड्री' फार आवडला होता, पण तो संगणकाच्या कळफलकावर, इंग्रजीतून, सहा जणांची टोळी सांभाळत खेळायचा. घरच्या फॅमिकॉम या खेळाच्या यंत्राला एक फुलीसारखी कळ आणि दोन बटणं. होरींनी टोळी कापून एक वीर ठेवला, समोर एक राक्षस ठेवला आणि मार, पळ, मंत्र टाक, वस्तू वापर अशी यादी दिली. आजही पोकेमॉनमध्ये पोरं जी चौकट दाबतात ती या काटछाटीतून निघालेली आहे.

राक्षसाला मारण्याऐवजी आपल्यात ओढण्याची कल्पनाही ताजिरींच्या आधीची. १९८७ च्या 'मेगामी तेन्सेई'मध्ये राक्षसाशी बोलणी करता येत, त्याला पैसे चारून फितवता येई. १९९२ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट ५'मध्ये हरलेला राक्षस कधीकधी आपणहून सोबत यायला तयार होई. 'मेगामी तेन्सेई'च्या पुढच्या भागांत शिव, विष्णू, काली अशी मंडळीही फितवण्याच्या यादीत आहेत. हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही ते बरंच आहे, नाहीतर एखादा मोर्चा ठरलेला.

होरींना भावलेला 'विझर्ड्री' १९८१ चा. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघा कॉर्नेलच्या विद्यार्थ्यांनी तो अ‍ॅपल २ साठी लिहिला. त्यांनी यंत्रात घातलं ते कागदावरचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', १९७४ सालचं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं. टेबलाभोवती चार मित्र, हातात फासे, एक जण गोष्ट सांगणारा. तिथे पाळी अपरिहार्यच असते, कारण चार माणसं एकदम बोलली तर काहीच कळत नाही. पोकेमॉनमधल्या पिकाचू या पिवळ्या उंदराच्या नावाखाली जी एचपीची पट्टी असते तिचं मूळही इथेच आहे. एका वारात माणूस मरण्यापेक्षा त्याला काही घाव सोसता यावेत ही कल्पना आपण जहाजांच्या लढाईच्या खेळातून उचलली, असं आर्नेसन सांगत. पोलादी युद्धनौका एका गोळ्याने बुडत नाही, तिच्या सांगाड्यातून थोडे थोडे गुण वजा होतात. ते गुण नौकेवरून योद्ध्याकडे आले, योद्ध्याकडून राक्षसाकडे, आणि राक्षसाकडून पिवळ्या उंदराकडे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्याही मागे प्रशियाचे लष्करी अधिकारी आहेत. १८२४ साली त्यांच्यातल्या राइसविट्झ नावाच्या एकाने 'क्रीगश्पील' म्हणजे युद्धखेळाचे नियम छापले: नकाशा, ठोकळे, नुकसान ठरवायला फासे आणि मध्यस्थ पंच. चालीला वेळ बांधलेली, एक चाल म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. त्याही आधी १७८० साली ब्राउन्श्वाइगच्या योहान हेल्विग यांनी मोठ्या पटावर घोडदळ, पायदळ आणि तोफा मांडून युद्धाचा खेळ केला होता. तो त्यांनी उघडपणे बुद्धिबळावरून बेतला होता.

आणि बुद्धिबळ म्हटल्यावर पुढचा पत्ता वाचकांनी ओळखलाच असेल. चतुरंगाचा उल्लेख बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त, सातव्या शतकात सापडतो. हत्ती, घोडे, रथ, पायदळ या सैन्याच्या चार अंगांवरून नाव पडलं, इराणात त्याचं शतरंज झालं आणि अरबांबरोबर ते युरोपात गेलं. फाशांवर खेळायचं चार जणांचं चतुरंगही आपल्याकडे होतं. 'सगळं आमच्याकडून गेलं' म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही. पाळी ही कुणाच्या बापाची पेंड नव्हे, पट मांडून खेळणाऱ्या सगळ्यांनीच ती वापरली आहे. पण सैन्याचं सैन्य पटावर आणून दोघांनी आळीपाळीने चालवायचं, ही या घराण्याची गादी चतुरंगापर्यंत पोचते, एवढं नोंदवायला हरकत नसावी. देशी बुद्धिबळाचा एक जुना नियम, रूप बदलणारे प्राणी पाळणाऱ्या पोकेमॉन खेळाडूला फार ओळखीचा वाटेल. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की हवं तेव्हा वजीर होत नसे. ज्या घरात ते पोचलं, त्या घरच्या मोहऱ्याचं रूप त्याला मिळे. कोण कशात बदलणार हे त्याच्या वाटेवर ठरे.

मुलुख एवढा फिरून आलेला हा खेळ आमच्याकडे आला तेव्हा त्याची ओळख अजिबात अवघड गेली नाही. पाण्याने आग विझते, आगीने गवत जळतं, गवत पाणी पितं, हे पोकेमॉनचं मूळ त्रिकूट. पहिल्या खेळात असे पंधरा प्रकार होते, आज अठरा आहेत. ज्यांनी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' आणि मग 'महाभारत' पाहिलं, त्यांना यात नवं काय वाटणार? एक जण आग्नेयास्त्र सोडतो, तो बाण पडद्याच्या मध्यावर येईपर्यंत दुसरा शांतपणे डोळे मिटून वारुणास्त्राचा मंत्र म्हणतो. नागास्त्राला गरुडास्त्र. मध्ये कुणी कुणाला घाई करत नाही. शंभर टक्के पाळीची लढाई! रामानंद सागर आणि बी. आर. चोप्रा यांना होरींचं नावही ठाऊक नसेल, आणि नातं जोडायला पुरावा नाही. पण आमचा डोळा तयार होता. जपान्यांनी एक चूक मात्र केली. पहिल्या खेळात भूत प्रकारच्या हल्ल्याने मनःशक्तीचे प्राणी हैराण होतील असं खेळातच सांगितलेलं होतं, आणि प्रत्यक्षात आज्ञावलीत त्यांच्यावर तो हल्ला लागूच पडत नव्हता. त्यामुळे त्या पिढीत मनःशक्तीवाल्यांना आवर घालणारं कुणी उरलं नाही. व्यासांच्या हातून असं झालं नसतं.

२००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीतून आलं आणि वेफरच्या पाकिटांतून प्लॅस्टिकचे टॅझो निघू लागले. खेळाचं यंत्र मात्र गावात कुणाकडे नव्हतं. खेळ आला तो एम्युलेटरने, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने, आधी सायबर कॅफेच्या संगणकावर, मग अँड्रॉइड फोनवर. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा 'एमराल्ड' १६ मेगाबाइटचा, कुणीतरी कुणाला ब्लूटूथने द्यायचा. कायद्यात बसत नव्हतं, हे सांगून टाकतो. २०१६ च्या डिसेंबरात जिओबरोबर 'पोकेमॉन गो' भारतात रीतसर आला. त्यात लढाई म्हणजे पडद्यावर भराभर बोट आपटणं. शिवाय प्राणी आणि थांबे सगळे शहराच्या गर्दीत. उसाच्या फडात काय सापडणार?

लढाईच्या बाकीच्या तऱ्हा पोकेमॉनच्या आगेमागे उगवल्या. 'फायनल फँटसी ४'ने १९९१ मध्येच पाळीला घड्याळ बांधलं: तुम्ही विचार करत बसलात तर शत्रू थांबणार नाही. १९९९ च्या 'डिजिमॉन वर्ल्ड'मध्ये प्राणी स्वतःच लढतो आणि आपण कडेने ओरडतो, ऐकेल तर ऐकेल. २०२४ च्या 'पालवर्ल्ड'मध्ये प्राण्यांच्या जोडीला बंदूकही आली. आणि ऑक्टोबर २०२५ मधल्या 'लेजंड्स: झेड-ए'मध्ये खुद्द पोकेमॉननेच पाळी सोडली. तिथे लढाई चालू असताना खेळाडू धावत असतो आणि एक वार केला की तोच वार पुन्हा करायला काही क्षण थांबावं लागतं. गेम बॉयची गरिबी संपली, आता काहीही धावत-उड्या मारत लढवता येतं. मला तो खेळ देखणा वाटला आणि दमवणारा. पाळीची लढाई गरिबीतून आली हे खरं, पण तिच्यात विचाराला जागा आहे आणि ती जागा यंत्र श्रीमंत झालं म्हणून निरुपयोगी होत नाही.

एम्युलेटरने मात्र आमच्याकडे एक वेगळीच पद्धत रुजवली, जिचं नाव कुठल्याच सेटिंग्जमध्ये नाही. फास्ट फॉरवर्डचं बटण दाबून ठेवायचं, म्हणजे वाराची चित्रं चारपट वेगाने पळतात. आणि प्रत्येक चालीआधी खेळ जिथल्या तिथे साठवायचा. वार चुकला, की मागे. पुन्हा चुकला, की पुन्हा मागे. फासा मनासारखा पडेपर्यंत. बुद्धिबळात चाल परत मागितली तर समोरचा माणूस तोंड वाकडं करतो, इथे तोंडच नाही. पोरांना विचारा, शिफ्ट खेळता की सेट? 'सेट,' म्हणतात, छाती काढून. आणि अंगठा सेव्हच्या बटणावर.