सूर्यस्तोत्रातील क्षमा

इटलीतील असिसी नगराच्या तटाबाहेर, सान दामियानोच्या मठालगत चटयांनी उभारलेल्या एका खोपटात, इ. स. १२२५ च्या सुमारास संत फ्रान्सिस रुग्णशय्येवर पडून होते. नेत्रविकारामुळे त्यांना दिवसाचा उजेड किंवा रात्रीचा विस्तवही सोसवत नसे, आणि अंगावरून धावणारे उंदीर डोळ्याला डोळा लागू देत नसत. तरीही ज्याच्या दर्शनास ते मुकले होते त्या सूर्याला बंधू, जलाला भगिनी आणि पृथ्वीला माता संबोधणारे स्तोत्र त्यांनी तेथेच, लोकभाषेत रचले.

पुढे नगरीचे बिशप व नगरप्रमुख यांच्यातील वैमनस्य विकोपास गेले. बिशपांनी नगरप्रमुखास धर्मबहिष्कृत केले. उलट त्याने, बिशपांशी कोणी खरेदीविक्री वा करारमदार करू नये, असा मनाईहुकूम जारी केला. कोणीच मध्यस्थी करीत नाही याचे शल्य वाटून फ्रान्सिस यांनी स्तोत्रास क्षमाशीलांचे एक कडवे जोडले आणि आपल्या धर्मबंधूंना ते बिशपांच्या वाड्याच्या चौकात, उभयतांसमक्ष गाण्यास पाठविले. सहचरांच्या वृत्तान्तानुसार नगरप्रमुख हात जोडून, अश्रू ढाळीत ते ऐकत राहिला व अखेरीस बिशपांच्या पाया पडला. बिशपांनीही आपल्या कोपिष्ट स्वभावाची कबुली देऊन त्याला आलिंगन दिले.

सूर्य, वायू, जल आणि अग्नी स्वधर्म पाळूनच ईश्वराचे स्तवन करतात. मनुष्याला मात्र त्या पंक्तीत स्थान मिळाले ते क्षमा करणारा आणि दुःख शांतपणे सोसणारा म्हणून. सृष्टीवरील प्रेमाची खरी कसोटी शेजाऱ्याशी केलेल्या समेटातच आहे, हाच या स्तोत्राचा निवाडा होय.