दोन रिकाम्या वस्त्या : लुब्लिन आणि कोकणातील बेने इस्राएल वारसा

एखाद्या गावातून एक समाज नाहीसा झाला की त्याच्या वास्तू, दफनभूमी आणि शब्द मागे राहिलेल्या शेजाऱ्यांच्या हवाली होतात. शेजाऱ्यांनी त्यांचे काय करावे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलंडमधील अनेक शहरांपुढे उभा राहिला. तो निराळ्या स्वरूपात रायगड जिल्ह्यातील अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण ह्या गावांपुढेही आहे. दोन्हीकडील रितेपणाची कारणे मुळातच भिन्न आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी लुब्लिन शहरात सुमारे 43,000 ज्यू राहत होते. शहराच्या लोकसंख्येचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होता. मार्च 1942 मध्ये नाझींनी येथील ज्यूंना बेल्झेत्स येथील मृत्युछावणीकडे पाठविण्यास सुरुवात केली. शहराच्या कडेलाच मायदानेकची छावणी होती. माणसे मारली गेली आणि किल्ल्याभोवतालची ज्यू वस्तीही जमीनदोस्त करण्यात आली. ख्रिस्ती आणि ज्यू वस्त्यांच्या सीमेवरील ग्रोद्झ्का दरवाजा मात्र उरला. 1990 नंतर एका नाट्यमंडळीने ह्या दरवाज्याची इमारत आपल्या कामासाठी घेतली. समोरच्या मोकळ्या जागेत एके काळी काय होते, हे कळल्यावर त्या मंडळीचे कार्यच पालटले. आज तेथे त्या 43,000 रहिवाशांपैकी प्रत्येकासाठी एक अशा फायली मांडलेल्या आहेत. त्यांतील कित्येक फायली जवळपास रिकाम्या आहेत, पण त्याही ठेवल्या गेल्या आहेत. हेनिओ झितोमिर्स्की ह्या मारल्या गेलेल्या बालकाच्या नावे शाळकरी मुले दरवर्षी पत्रे लिहितात आणि ती पत्रे ‘पत्त्यावर व्यक्ती नाही’ अशा शेऱ्यासह परत येतात. जे हरवले त्याची जागा रिकामी म्हणूनच दाखवावयाची, ही ह्या स्मृतिकार्याची पद्धत आहे.

कोकणातील बेने इस्राएलांची कथा अशी नाही. फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात पुरुष आणि सात स्त्रिया नवगावच्या किनाऱ्याला लागली, अशी ह्या समाजाची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. दिवेकर, केहिमकर, पेणकर, नवगावकर ही त्यांची आडनावे कोकणच्या गावांवरून पडली. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्यांनी 1796 मध्ये ह्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बोलीत ते ‘मशीद’ झाले आणि ‘मस्जिद’ ह्या रेल्वेस्थानकाचे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगितले जाते. अलिबागचे मागेन आबोथ हे प्रार्थनामंदिर 1848 चे. ह्या समाजाचा येथे संहार झाला नाही, की त्याला धर्मापायी गाव सोडावे लागले नाही. 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे आपल्या इच्छेने इस्राएलला गेली. तेथे विवाहासंबंधी धर्मपीठाने घेतलेल्या शंकेविरुद्ध त्यांना झगडावे लागले आणि 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांचे पूर्ण ज्यूपण मान्य केले. 2011 च्या जनगणनेत संपूर्ण भारतात सुमारे साडेचार हजार ज्यूंची नोंद झाली; महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

ह्या वारशाचा मोठा भाग दगडी भिंतींपेक्षा भाषेत आहे. सणांची हिब्रू नावे विस्मृतीत गेली असतानाही समाजाने ते सण मराठी नावांनी पाळले. नवे वर्ष तो ‘नव्याचा सण’ आणि उपवासाचा महादिवस तो ‘दारफाळणीचा सण’. घराची दारे लावून बसण्याचा तो दिवस, एवढे त्या एका शब्दात साठविले आहे. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाची ‘हाग्गादा’ मुंबईत 1846 मध्ये मराठी भाषांतरासह छापली गेली. 1874 च्या पुणे आवृत्तीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून बसलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अब्राहाम, योसेफ ह्यांची चरित्रे कीर्तनाच्या आख्यानांत आली. हिब्रू धर्मकथा आणि मराठी कीर्तनपद्धती ह्यांचा हा संयोग अन्यत्र कोठे आढळावयाचा नाही. कोकणातील थडग्यांवर हिब्रूशेजारी देवनागरी अक्षरे कोरलेली दिसतात. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही ह्याच समाजाने चालविले. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या काशीकरांना मुलखापासून दूर भाषा जपण्यातील कष्ट वेगळे सांगावयास नकोत.

ह्या दोन इतिहासांना जोडणारा एक विलक्षण दुवा आहे. मुंबईत 1875 मध्ये इस्राएली शाळा स्थापण्यात पुढाकार घेणारे हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी 1897 मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. परंतु तो त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. चाळीस वर्षांनी, 1937 मध्ये, तेल अवीव येथे तो प्रसिद्ध केला तो इमॅन्युएल ओल्सवँगर ह्यांनी. 1936 मध्ये भारतात येऊन गेलेले, संस्कृतचे जाणकार आणि भगवद्‌गीतेचे हिब्रू भाषांतरकार असलेले हे गृहस्थ मूळचे आज पोलंडमध्ये असलेल्या ग्रायेवो गावचे. पुढच्या काही वर्षांतच त्या गावातील ज्यू वस्ती नाझींनी संपविली. कोकणच्या ज्यूंचा इतिहास ज्याने वाचविला, त्याच्या स्वतःच्या गावचे ज्यू मात्र वाचले नाहीत.

म्हणूनच स्मृती जपताना कारणांची सरमिसळ होऊ देता कामा नये. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे 1943 ते 1948 ह्या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत सत्तेने 1940 पासून हद्दपार केलेली ही मुख्यतः कॅथॉलिक कुटुंबे होती. त्यांना दिलेला आश्रय अभिमानास्पद आहे. परंतु तो ज्यूसंहाराच्या इतिहासाचा भाग म्हणून सांगणे दोन्ही दुःखांवर अन्याय करणारे ठरेल. नाझींपासून सुटून मुंबईस आलेल्या ज्यूंसाठी 1934 मध्ये तेथे साहाय्यसंस्था उभी राहिली होती. त्याच वर्षी आलेले वॉल्टर कॉफमन ह्यांनी आकाशवाणीची संकेतधून रचली, ती देशभर रोज ऐकली गेली. पण तिच्यामागील निर्वासिताची ओळख फारच थोड्यांना होती.

मुंबईचे केनेसेथ एलियाहू प्रार्थनामंदिर जीर्णोद्धारानंतर 2019 मध्ये पुन्हा खुले झाले. वास्तूंचे जतन अशा प्रकारे निधी आणि कारागिरी मिळाल्यास होऊ शकते. शब्दांचे तसे नाही. ‘दारफाळणी’ हा शब्द घरात ऐकलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. शिलाछापाची पुस्तके जीर्ण होत आहेत आणि थडग्यांवरील अक्षरे कोकणच्या पावसात झिजत आहेत. शिलालेखांचे वाचन, कीर्तनसंहितांची सूची, नियतकालिकांचे अंक एकत्र करणे आणि बोलीचे ध्वनिमुद्रण ही कामे मराठीच्या अभ्यासकांवाचून होणार नाहीत, कारण हिब्रू जाणणारे विद्वान जगात पुष्कळ आहेत, पण ह्या मजकुराची मराठी जाणणारे त्यांच्यात फार थोडे. लुब्लिनला आपल्या फायली मृतांच्या नावांनी उघडाव्या लागल्या. कोकणच्या बाबतीत त्या अद्याप जिवंत माणसांना विचारून भरता येतील, आणि ही सवड फार दिवस राहणारी नाही.